चार तासांचा रस्ता

आखाडा बाळापूर, १९४८

इनायतभाई,

सलाम लिहीत न्हाई. हैदराबाद ते कराची नऊशे मैल, विमानानं चार तासांत पोचलो, असं तू कौतुकानं कळवलंस. तू रझाकार होऊन नामाजी धनगराच्या पोराला जित्ता जाळून पळालास. लोकं तुला शोधत घरी आली. तू न्हाई सापडलास, म्हनून त्यांनी अब्बांना दारातच कुऱ्हाडीनं तोडलं.

कळमनुरीहून मी पळाले. बाळापूर दहा मैल, मला तीन दिवस लागले. शेवटी नामाजीनंच मला मेंढरांत लपवलं.

"भाऊ कुठंय तुझा?" त्यानं विचारलं.

"मेला."

"मंग फिटलं, बाई. भाकर खा."

त्याच भाकरीवर जगून राहिले. हे पत्र टाकणार न्हाई, वाचून तू आलास तर? परतीलाबी चारच तास लागतात. तू मेलेलाच राहा.

तुझी बहीण होती ती,
बिलकीस