एकोणसाठचा घोळ

प्रिय मास्तरीणबाई,

दचकू नकोस, 'परत ये' वगैरे काही लिहिणार नाहीये. आधी बातमी. माझ्या नव्या गाण्यांवर ड्रमरकाका वाजवतायत! तेच, ज्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज मी तुला जबरदस्तीने ऐकवायचो आणि तू कानात बोटं घालायचीस. गुडघे गेलेत त्यांचे, स्टुलावर बसताना 'आई गं' म्हणतात, पण काठ्या हातात आल्या की मी नुसता बघत बसतो. माझ्या ओळी ऐकून म्हणाले, "शब्द फार झालेत रे, मला श्वास घ्यायला तरी जागा सोड." मी निम्मं गाणं कापलं.

परवा शेवटचं गाणं घेतलं. काका म्हणाले, टिकटिक एकोणसाठवर लाव. म्हणजे हेडफोनमध्ये वेग धरून ठेवते ती. आता तुला माहितीच आहे माझं. एकोण ऐकलं, साठ ऐकलं, लावले सिक्स्टी नाइन. पहिल्यांदा तुझ्याकडे येताना तू एकोणचाळीस सांगितलंस आणि मी फॉर्टी नाइनची बेल वाजवली होती, तसंच. काका त्याच वेगात अख्खं गाणं वाजवून मोकळे झाले. मग घाम पुसत म्हणाले, "साठला एक कमी रे राजा, नऊ जास्त नाही. इंग्लिश मीडियमने पार वाटोळं केलंय तुझं." मी जाम हसलो.

मग आम्ही ते ऐकलं, आणि माझं हसू गेलं. त्या गाण्याचं धृपद म्हणजे शेवटच्या दिवशी तू दारात म्हटलेलं वाक्य आहे, 'पोचलास की कळव.' घरी मी ते इतकं हळू गायचो की वाटायचं, तुला मला जाऊ द्यायचंच नव्हतं. या स्पीडला ते तू म्हणालीस तसंच ऐकू आलं. घाईत, हात कडीवर ठेवून. कुणालाही म्हणतो तसं. काका म्हणाले, "हे खरं आहे. हेच ठेवू." मी रडायला लागलो, तर त्यांनी ड्रमवर टाकायचा धुळकट टॉवेल पुढे केला.

निघताना त्यांनी विचारलं, वाक्य कुणाचं? मी सांगितलं. "तिला विचारलंस?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, तिने हो म्हटल्याशिवाय हे गाणं बाहेर जाणार नाही. म्हणून हे पत्र. ठेवू का ते वाक्य? नाही म्हणालीस तर गाणंच सोडून देईन, शप्पथ. फक्त हो की नाही, एवढंच लिही. 'कसा आहेस' विचारू नकोस. मी खरं सांगून टाकीन.

तुझाच
(सवयीने लिहिलं गेलं, राहू दे)