एका उखळात दोन मुसळं

काशी गो,

तू मुरबाडला लेकाकडं टेकाडावर राहायला गेलीस आणि आपलं उखळही नेलंस, ते बरंच केलंस. इथं शहापुरात कोण कांडतंय आता?

नातीनं मला कल्याणला दवाखान्यात नेलं. काळजाच्या नळ्या बुजल्यात, पण ऑपरेशन झेपणार नाय, म्हणून शॉक वेव्ह देतात. मला वाटलं, करंट लावतात! तसं काय नाय. छातीवर मशीन टेकवतात, ते बाहेरून टकटक करतं. पण काळजाचा ठोका पडला की मगच आपला ठोका देतं, मधी घुसत नाय.

तेव्हा तूच आठवलीस गो. आपण दोघी जावा एकाच उखळात कांडायचो. तुझं मुसळ वर गेलं की माझं खाली. सासूबाय म्हणायची, "बघू नका, ऐकून कांडा." मी डोळे मिटून तिथंच मशीनखाली कांडणीचं गाणं धरलं. नर्स हसली.

गुण येईल का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काहींना येतो, काहींना नाही. न दुखता किती चालता, त्यावरून बघू."

अंगणात चालून काय कळणार? दिवाळीत छातीत दुखलं नि तुझ्या चढणीवरनं नातीनं मला अर्ध्यातच माघारी आणलं. तू वरनं नुसता हात केलास.

म्हणून हे पत्र टाकत नाय. उद्या एसटीनं मीच येते. वर पोचले तर वाचून दाखवीन. मधीच थांबले तर खालनं हाक मारीन, "काशी, उखळात मुसळ घाल!" तुझा घाव पडला की माझं पाऊल पडंल.

तुझी थोरली जाव,
चिमा