अकरा समाध्या आमच्या, पाच गडद्यांच्या

बायडाबाई गडदे यांचा देह आमच्या मळ्याच्या बांधावर ठेवलेला असताना त्यांच्या मुलाने मला एक साधी गोष्ट विचारली. तेव्हा मी खरे का सांगितले नाही? बद्रीकाकांच्या भीतीने, की माझ्या प्रबंधाला पहिले बक्षीस मिळाले होते म्हणून? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. दोन महिने रोज प्रयत्न करते आहे. ते सोडून बाकी जे माहीत आहे ते पुढे लिहीत आहे.

मी, स्वप्नाली शिवशंकर कोरे, वय २६ वर्षे, शिक्षण एम.ए. (इतिहास), व्यवसाय कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणे, राहणार मौजे खडकदरा, तालुका धारूर, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, डोके ठिकाणावर असताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लहानपणी आलेल्या सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली असून १७ फेब्रुवारीला ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. मग त्यांनी ज्या कागदावर माझी सही घेतली, त्यात काळजीची सगळी कारणे ओळीने छापलेली होती.

कलम १. पोस्टातील माझ्या बचत खात्यावर जे काही असेल ते माझी आई केसरबाई हिला मिळावे. तिने ते स्वतःसाठी वापरावे. घरच्या पिठाच्या गिरणीच्या मोटारीला लावू नये.

कलम २. माझी स्कूटी माझे वडील शिवशंकर कोरे, म्हणजे अण्णा, यांना. ती त्यांना चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही म्हणतात. तरी त्यांनाच.

कलम ३. माझी सर्व पुस्तके, कपाटासह, बायडाबाईंची नात, म्हणजे गहिनीनाथ गडदे यांची मुलगी अंजू, इयत्ता अकरावी, हिला द्यावीत. तिने घेतली तर. तिने नको म्हटले तर कारण विचारू नये. ते मला माहीत आहे. मग ती गावच्या वाचनालयात द्यावीत.

कलम ४. खडकदरा शिवारातील अठरा गुंठे जमीन माझ्या एकटीच्या मालकीची आहे. मी बी.ए. झाले तेव्हा आजी मुक्ताबाई हिने ती नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आजी म्हणाली होती, "पोरी, ह्यात पीक येत न्हाई, ह्यात माणसं हायत. शिकल्यालीच्या ताब्यात असल्याली बरी."

ही आमच्या घराण्याची दफनभूमी आहे. आम्ही लिंगायत. आमच्यात देह बसवून पुरतात आणि वर चौकोनी ओटा बांधतात. असे अकरा ओटे तिथे आहेत. त्यांच्या पूर्वेला, बांधालगत, दगडांच्या पाच लांबट राशी आहेत. त्या आमच्या नाहीत. त्या वस्तीवरच्या गडद्यांच्या आहेत.

गडदे मेंढपाळ. पणजोबा अर्जुनराव यांच्या काळापासून सुगी झाली की त्यांची मेंढरे खतासाठी आमच्या रानात बसायची. एका वर्षी मुक्कामातच त्यांचे एक म्हातारे वारले. पणजोबांनी आपल्या माणसांशेजारी जागा दिली. पुढे त्यांच्या घरातली आणखी माणसे तिथेच पुरली गेली. कागद झाला नाही, कारण तो कोणाला लागला नाही.

हे सगळे मला बायडाबाईंनीच सांगितले. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी समाध्यांवरून घराण्याचा इतिहास लिहायला घेतला होता. टेप, वही आणि रंगाचा डबा घेऊन मी एकेका समाधीवर क्रमांक घालत होते. बायडाबाई मेंढरे चारता चारता बांधावर येऊन बसल्या.

"ए कोऱ्याच्या पोरी, मेल्याल्यांना नंबर कावून देती गं? मतदान करणार हायत का?"

मी हसले. चौदाव्या क्रमांकाच्या राशीपाशी गेले तेव्हा मात्र त्या उठून जवळ आल्या.

"ही माझी ठकू. सव्वा म्हैन्याची गेली. हिला रंग नको लावू."

मी लावला नाही. वहीत पेन्सिलीने लिहिले: बारा ते सोळा, गडदे.

प्रबंध लिहायला बसले तेव्हा अडचण आली. अकरा ओट्यांत चारच पिढ्या बसत होत्या. मला सात हव्या होत्या. आजीला त्याआधीच्या पाच जणांची नावे तोंडपाठ होती, पण ते कुठे पुरले ते तिला ठाऊक नव्हते. माझ्याकडे पाच नावे होती आणि पाच राशी होत्या. मी नावे राशींना देऊन टाकली. खाली टीप लिहिली की जुन्या काळी ओटा बांधण्याची प्रथा नसावी. 'नसावी' हा शब्द लिहिताना मला आपण हुशार आहोत असे वाटले होते. ठकूच्या जागी मी एक खापरपणजोबा लिहिला. अंबाजोगाईला महाविद्यालयात त्या प्रबंधाला पहिले बक्षीस मिळाले, अण्णांनी गिरणीवर आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला. बायडाबाईंनाही दिला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझे चुलते बद्रीनाथ, ज्यांना गावात राजकारणामुळे सगळे ओळखतात, घरी आले. "गडदे आज माती देत्यात, उद्या जमिनीची मोजणी मागतील," ते म्हणाले. "तू मालक हायस, तू शिकल्याली हायस. लिहून दे." मी प्रतिज्ञापत्र लिहिले: 'सदर सोळाही समाध्या कोरे घराण्याच्या असून त्यांच्याशी अन्य कोणाचाही संबंध नाही.' पुरावा म्हणून स्वतःचाच प्रबंध जोडला. काकांनी त्या कागदाला प्लास्टिकचे आवरण घालून आणले.

मार्गशीर्षात बायडाबाई वारल्या. वस्तीवरची पंचवीस-तीस माणसे त्यांना घेऊन मळ्यात आली. ठकूशेजारी खड्डा घ्यायचा होता, बायडाबाईंचे तेवढेच मागणे होते. काका कागद घेऊन आडवे उभे राहिले. गावातले काही लोक त्यांच्या मागे होते. मीही होते. गहिनीनाथदादांना वाचता येते, पण त्यांनी कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिले.

"ताई, तुमी वही घेऊन बसलता ना आईसंगं? तुमीच सांगा. हितं आमची माणसं हायत का न्हाईत?"

मी म्हणाले, "कागदात तशी नोंद नाही, दादा."

अंजू तेवढी बोलली. "मंग तुमी लिवली कावून न्हाई?"

त्यांनी देह उचलला आणि चार किलोमीटरवर, डोंगराखालच्या गायरानात नेऊन पुरला. मी घरी येऊन जेवले, हेही इथे लिहिले पाहिजे.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर या जमिनीपैकी पूर्वेकडचे पाच गुंठे, पाचही समाध्यांसह, गहिनीनाथ गडदे यांना द्यावेत. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे एवढा लहान तुकडा त्यांच्या नावावर होत नसेल तर तिथे दफनाचा आणि येण्याजाण्याचा हक्क त्यांच्या घराण्याला कायमचा राहावा. उरलेले तेरा गुंठे अण्णांना. प्रतिज्ञापत्र खोटे होते असे सांगणारे माझे निवेदन बंद पाकिटात सोबत ठेवले आहे. ते मी गेल्यावर उघडून गावात वाचून दाखवावे.

कलम ५. मला रीतीप्रमाणे बसवून पुरावे. छातीला टाके असतील. जंगम स्वामींनी जमेल तसे बसवावे, नाहीच जमले तर आडवे चालेल. ओटा बांधू नये.

कलम ६. बद्रीकाकांना माझ्याकडून काही नाही. मनात राग नाही असे लिहिणार होते, पण तसले लिहिणे आता थांबवायचे आहे. राग आहे. मात्र सही माझी होती आणि माझा हात कोणी धरला नव्हता. मला कॉलेजच्या प्रवेशासाठी मोटारसायकलवर पहिल्यांदा अंबाजोगाईला त्यांनीच नेले, हेही खरे. त्यांनी माझ्या शोकसभेत भाषण करू नये.

इथपर्यंत मी रविवारी लिहून संपवले आणि गिरणीत जाऊन अण्णांना वाचून दाखवले. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले आहेत. ते पट्टा चढवत होते. स्कूटीच्या कलमाला म्हणाले, "दुसरं कुणी घावलं न्हाई का तुला?" चौथे कलम ऐकताना त्यांनी हातातले काम थांबवले. प्रबंधात मी काय केले होते ते त्यांना पहिल्यांदाच कळत होते. बराच वेळ हाताचे पीठ झटकत राहिले.

"म्हंजे तू मेल्यावर हे पाकीट फोडायचं," ते म्हणाले.

"हो."

"आन् न्हाई मेलीस तर?"

मी कागदांची घडी घालू लागले.

"न्हाई, मी इचारतो. आपरेशन चांगलं झालं, तू धडधाकट घरी आलीस. मंग गहिनीनाथनं काय करायचं? तुझ्या मरायची वाट बघायची व्हय?"

मी सहा कलमे लिहिली होती आणि सगळ्यांत मी अशी सोय केली होती की मला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये. मेलेल्या माणसाला कोणी काही बोलत नाही. उलट बिचारी खरे बोलून गेली म्हणाले असते. हे लक्षात आल्यावर मला जी लाज वाटली ती बांधावरच्या लाजेपेक्षा मोठी होती, कारण बांधावर मला विचार करायला वेळ नव्हता. मृत्युपत्र मी तीन दिवस विचार करून लिहिले होते.

कलम ७. म्हणून कलम ४ मध्ये पुढीलप्रमाणे बदल करत आहे.

सोमवारी मी धारूरला जाऊन पहिले प्रतिज्ञापत्र रद्द करणारे दुसरे प्रतिज्ञापत्र केले. गडदे घराण्याला दफनाचा हक्क आजपासूनच देणारे संमतीपत्रही केले. दोन्हींची प्रत ग्रामपंचायतीत दिली, पोच घेतली. महाविद्यालयाला पत्र लिहून बक्षीस परत पाठवले आणि ग्रंथालयातल्या प्रबंधात दुरुस्तीचे पान चिकटवावे अशी विनंती केली.

मंगळवारी वस्तीवर गेले. गहिनीनाथदादा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी काटा काढला, मेंढी सोडली. मी कागद पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"आईला आता उकरायची न्हाई," ते म्हणाले. "ती हाय तिथं राहू द्या."

"पण पुढच्यांसाठी..."

"पुढच्याचं पुढं. आन् हा कागद मला कशाला? मला ठावंच हाय त्यात काय हाय ते. ज्यांच्यासमोर आमाला माघारी लावलं, त्यांच्यासमोर वाचा."

अंजू दारात उभी होती. "मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "तवा लई हळू बोललता तुमी."

निघण्यापूर्वी मी पाचही नावे विचारली. ती त्यांनी उभ्या उभ्या सांगितली: राणबा, त्यांची बायको साळू, त्यांचे दोन मुलगे भिवा आणि मायप्पा, आणि मायप्पा व बायडाबाई यांची मुलगी ठकू. ही नोंद आता माझ्या मृत्युपत्रातही राहील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अण्णांनी करावी. पाकीट फोडून वाचण्याची सूचना मात्र मी रद्द करत आहे. बुधवारी सकाळी अण्णांनी गिरणी बंद ठेवून मार्गशीर्षातल्या त्या दिवशीची माणसे बांधावर बोलावून आणली. काकाही आले, निम्म्यातून निघून गेले. गहिनीनाथदादा शेवटपर्यंत उभे होते. माफ केले असे ते म्हणाले नाहीत, मीही तसे मागितले नाही. पाकिटातले निवेदन मी बुधवार, दिनांक १२ फेब्रुवारी २०२५ रोजी, त्याच बांधावर उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वतः वाचले आहे.

ठिकाण: मौजे खडकदरा, ता. धारूर, जि. बीड
दिनांक: १३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

(सही)
स्वप्नाली शिवशंकर कोरे

स्वप्नालीने हे सर्व आम्हाला वाचून दाखवले आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यानंतर आम्ही तिच्यासमोर सह्या केल्या. वरीलपैकी काहीही आम्हाला मिळणार नाही. बुधवारी आम्ही दोघेही बांधावर हजर होतो, आणि मार्गशीर्षातही होतो.

साक्षीदार:
१. तानाजी विश्वंभर गव्हाणे, शिक्षक (सही)
२. चंद्रभागाबाई मारुती शेळके, अंगणवाडी सेविका (सही)