बिनलेबलची ट्यूब

सोमवार, ३ तारीख
नवी नोकरी, नवं घर, म्हणून नवी वही! लिफ्ट चालवणारे बोर्ड बनवायचा कारखाना. मला स्वतंत्र टेबल आणि फिरती खुर्ची मिळाली, तीही न करकरणारी. काम एकच. बोर्डावरचा एक ट्रान्झिस्टर भयंकर तापतो, तो थंड ठेवायचा. चाळीस बोर्डांची ऑर्डर त्याच्यापायी अडली आहे. आठवड्यात करतो, असं साहेबांना ठोकून दिलं. बायको म्हणाली, इतके हुरळू नका, आधी पंधरा दिवस टिका.
घर छान आहे, पण बाथरूमच्या फरशीचा उतार उलटा. पाणी मोरीकडे जायचं सोडून दाराकडे येतं. गवंड्याला धरून हाणला पाहिजे. आमची चार वर्षांची खारू मात्र खूश. मी अंघोळीला गेलो की बाहेर बसून दाराखालून बोटं आत घालते आणि मी ती पकडायची असतात.

गुरुवार, ६
वैताग! ट्रान्झिस्टर एकशे दहा अंशांवर जातो म्हणजे जातोच. हीटसिंक मोठा लावला, म्हणजे उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा. एकशे सहा. पंखा लावला. एकशे चार, वर टेबलभर धूळ. ट्रान्झिस्टर आणि ठोकळा यांच्यामध्ये भरायची पेस्ट तीनदा खरवडून तीनदा लावली. साहेब दर तासाला येऊन झालं का विचारतात. अहो, मी काय अंडं उकडतोय?

सोमवार, १०
जमलं!! माझ्या आधीच्या माणसाच्या खणात बिनलेबलची ट्यूब सापडली, राखाडी पेस्टची. स्टोअरकीपर म्हणाला, ती टाकून द्या असं तो सांगून गेला होता. त्याच्या घरात आजारपण निघालं आणि त्याने तडकाफडकी नोकरी सोडली. बरी वस्तू टाकायची कशाला? पेस्ट पसरायची पट्टी सापडेना, म्हणून अंगठ्यानेच फासली. सगळेच तसं करतात. चालू केलं तर एकतीस अंश! साहेबांनी पाठ थोपटली.
अंगठा मात्र तेव्हापासून नुसता भाजत होता. साहेबांनी कौतुकाने अर्ध्या दिवसातच घरी सोडलं, बोर्ड सहापर्यंत चालूच ठेवा म्हणाले. खारूचा गालगुच्चा घेतला आणि आग एकदम थांबली. तिच्या गालावर माझा अंगठा उमटला, राखाडी. साबणाने जाईना.
तासाभरात खारूला ताप आला. हवा बदलली असेल.

बुधवार, १२
ताप सकाळी नऊला चढतो, सहाला उतरतो. डॉक्टरने दोन औषधं बदलली आणि हात वर केले. मग फी कसली घेता?
चाळीसही बोर्डांना पेस्ट लावून झाली, या वेळी पट्टीने. चाचणीचा एकेचाळिसावा बोर्ड माझ्या टेबलावर दिवसभर चालू असतो. ते चाळीस आज गेले.
टेबलावरचा बोर्ड नऊला चालू करतो. सहाला बंद.
छे. काहीतरीच.

शुक्रवार, १४
बायकोला फोनवर धरलं. खारूच्या काखेत थर्मामीटर. मी बोर्ड चालू केला. शंभर. एकशे एक. एकशे दोन. बंद केला, उतरला. पुन्हा चालू केला तर बायको किंचाळली. घाईत बटण सापडेना.
उष्णता नाहीशी होत नाही, जागा बदलते. हे मी पंधरा वर्षं लोकांना शिकवतोय. गाढव आहे मी.
स्टोअरकीपरला खोदून विचारलं. आधीच्या माणसाची बायको गेली, तापानेच.
साहेबांकडे धावलो. चाळीसही बोर्ड एकाच आवारातल्या नव्या इमारतींत बसलेत, सोमवारी दहाला सगळ्या लिफ्ट एकदम सुरू होणार. बोर्ड काढा म्हणून हातापाया पडलो. ते म्हणाले, तुम्ही विश्रांती घ्या. उद्यापासून येऊ नका.
एका बोर्डाने एकशे दोन. चाळीस —

रविवार, १६
इमारतींच्या पहारेकऱ्याने दोनदा हाकललं. खारूच्या गालाला स्पिरिट, तेल, रॉकेल. डाग तसाच.
पण माझा अंगठा भाजायचा थांबला कधी? तिला लागल्यावर. म्हणजे पेस्ट शेवटी ज्याला लागते, त्याच्याकडेच सगळी उष्णता —
ट्यूब माझ्या खिशात आहे.

सोमवार, १७. सकाळी ९.४०
उरलेली सगळी पेस्ट छातीला फासली. खारूच्या गालावरचा डाग बघता बघता गेला! गेला! बायको इमारतींकडे निघाली आहे, एका बाईला आत सोडतील, मेन स्विच ओढते म्हणाली. तोपर्यंत टिकायचं. बाथरूममध्ये बसलोय, कडी आतून. खारूला बजावलंय, आत यायचं नाही.

१०.०२
सुरू झाल्या. नळाखाली बसलोय. छातीवर पाणी चर्र करतं. आई गं —

१०.०९
फोन नाही. अजून नाही. पोच ना गं, पोच —
खारू बाहेर गाणं म्हणतेय. तिला काही होत नाहीये. काही नाही.

१०.१४
पेस्ट पातळ झाली — ओघळतेय — पाण्याबरोबर फरशीवर — मोरीकडे नाही — दाराकडे —
टॉवेल. टॉवेल बाहेर.
पाय उचलत नाहीत. ओरडलो, आवाज —
बाबा, पकडा, म्हणतेय.
दाराखालून तिची बोटं — खारू, नको, हात मागे घे, हात —