मधल्या ओळींची व्यवस्था

मी, बागायतदारांची धाकटी मुलगी, अविवाहित, वय अडुसष्ट, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दादाला यातले काहीच पटणार नाही, म्हणून डॉक्टरांना आज घरी बोलावले आहे.

१. बँकेतली शिल्लक शेजारच्या शिंपीणबाईंना. आजारपणात त्यांनी माझे सगळे केले आणि बोलून दाखवले नाही.

२. कामाच्या कपड्यांची ट्रंक वहिनीला. फळ पोखरणारी अळी ज्याची, त्या पतंगाच्या मादीचा गंध नळ्यांत भरून मी जन्मभर झाडांना टांगला. सगळी बागच मादीसारखी दरवळली की नराला खरी मादी सापडत नाही, अंडी पडत नाहीत, फवारणी लागत नाही. हा गंध धुऊन जात नाही. वहिनीने ते कपडे संध्याकाळी दारात वाळत घालावेत, पाहुण्यांना तोटा नाही.

३. भिंतीवरचे बंद घड्याळ दादाला. घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळजी आमच्याकडे माझ्याशी लग्नाचे बोलायला आले, तेव्हा खिडकीतून पतंग येऊन माझ्या बाहीवर बसले. दादा सर्वांसमोर म्हणाला, "हिच्या मागे लागणारे एवढेच." सगळे हसले, घड्याळजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार कळवला. दादाने त्यांच्या दुकानात जाऊन त्यांना सांगितले की नळ्यांतले औषध हिच्या अंगात भिनले आहे, मूल होणार नाही. मला सांगितले, नकार आला. फुकटात नळ्या टांगणारी दुसरी कुठून मिळणार होती? पुष्कळ वर्षांनी हे घड्याळ दुरुस्तीला नेले, तेव्हा खुद्द घड्याळजींकडून मला सगळे कळले. मी बागेत करत होते तेच दादाने घरात केले, आणि माझ्याहून सफाईने. घड्याळ तसेच परत आणले.

४. वडिलांनी वाटणीत दादाला बागेच्या दोन्ही बाजू दिल्या आणि मला मधल्या ओळी, म्हणजे पोरीला त्या परस्पर विकता येऊ नयेत. त्यांची दूरदृष्टी आज कामी आली. या ओळी वकीलबाईंच्या ताब्यात राहतील. दादा जिवंत असेपर्यंत तिथे नळी टांगायची नाही, फवारायचे नाही, गळलेले फळ उचलायचे नाही. तिथे पतंगांच्या जोड्या खुशाल जमतील आणि माद्या अंडी घालायला दोन्ही बाजूंना जातील. दादाचा माल बिनफवारणीचा म्हणून चढ्या भावाने जातो. फवारले तर गिऱ्हाईक जाईल, न फवारले तर फळ जाईल. काय ते त्याने ठरवावे.

५. अट सुटायला एकच मार्ग आहे. आपण खोटे बोललो हे दादाने घड्याळजींच्या तोंडावर कबूल करावे आणि माफी मिळाल्याचे त्यांच्या सहीने लिहून आणावे. ओळी त्याच दिवशी दादाच्या.

घड्याळजी गेल्या हिवाळ्यात वारले. दादा त्यांना पोचवायला गेला होता. अट बदलणार नाही.

हा मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाले की हे जरा फार होते आहे. घड्याळजींच्या पत्नीने चष्मा पुसला आणि विचारले, "सही कुठे करू?"

ठिकाण : बागेतले घर, मागची खोली
दिनांक : यंदा नळ्या टांगायचा पहिला दिवस
सही : बागायतदारांची धाकटी मुलगी

साक्षीदार :
१. डॉक्टर
२. घड्याळजींची पत्नी