गोंगाट कमी करा

३ नोव्हेंबर
आज शहरात, सदर भागात, दुकान उघडलं. एकोणीस वर्षं बुटीबोरीत पत्र्याखाली पंपाच्या मोटारी दुरुस्त केल्या. आता काचेचं दार, पाटीवर माझं नाव. बायको वच्छला म्हणाली, काच पुसायले माणूस ठेवा, मी नाही पुसणार. शेजारचा चहावाला म्हणाला, अंकुशभाऊ शेठ झाले गा, आता आम्हाले ओळखतील काय.

धंदा माझा कानाचा. नरखेडकडचे बागाईतदार फोन बोअरच्या पाइपाला लावतात. दोनशे फूट खाली मोटार काय करून राहिली, ते मी इथून ऐकतो. जुने स्टार्टर चिकटतात: बटण बंद, मोटार चालू. पाणी आटलेलं असलं की वर कळतही नाही. म्हणून ठरलेलं आहे, मी ‘बंद आहे’ म्हणेपर्यंत वायरीला कोणी हात लावायचा नाही. आजवर एकही माणूस गेला नाही.

६ नोव्हेंबर
फोन आपल्या मनानं अपडेट झाला. लाल बटण उजवीकडे गेलं, सकाळपासून तीन गिऱ्हाइकांचे फोन कापले. वर ‘गोंगाट कमी करा’ नावाचं काहीतरी आलंय. नरखेडकडच्या बागाईतदार नत्थूभाऊंनी मोटार ऐकवली तर मला फक्त त्यांचा श्वास. म्हणजे मोटार हा गोंगाट. मुलीनं, मिनलनं, ते बंद करून दिलं. म्हणाली, बाबा, वाचून बटण दाबत जा.

९ नोव्हेंबर
चारदा बंद केलं, चारदा ते चालू झालं. आज नवीन विचारणा: ‘तुमच्या वतीने उत्तर देऊ?’ खाली दोनच बटणं. ‘हो’ आणि ‘नंतर’. ‘नाही’ काहून नाही? ‘नंतर’ दाबलं.

११ नोव्हेंबर
नत्थूभाऊ संत्री घेऊन आले. म्हणाले, काल फोनवर बरोबर सांगितलं तुम्ही, बेअरिंगच होतं. १४ तारखेला अकरा वाजता केबलचा जोड सोडतो, तुम्ही ‘बंद’ म्हटलं की हात घालतो.

काल मी त्यांच्याशी बोललोच नाही. फोनमधलं कालच्या कॉलचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज माझा. माझं ‘हौ ना भाऊ’, माझं खाकरणं. चार मिनिटांत एकदाही श्वास मात्र घेतलेला नाही.

१३ नोव्हेंबर
सिम काढून जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. माझा गळा मी कोणाला भाड्यानं दिलेला नाही.

दुपारी ड्रॉवरमधून माझा आवाज आला. सिम नसलेल्या फोनमधून. नत्थूभाऊंना सांगत होता— उद्या ठरल्याप्रमाणे, भाऊ.

१४ नोव्हेंबर, सकाळी ७
ड्रॉवरमधल्या फोनवर हातोडा घातला. तीन घाव. तुकडे नालीत.

मग जुन्या फोनवरून नत्थूभाऊंना सांगितलं, वायरीला हात लावू नका. ते म्हणाले, हौ, बंद असली की लावतो. तीनदा सांगितलं, तीनदा तेच. वच्छलानं तिच्या फोनवरून सांगून पाहिलं. तिलाही ते म्हणाले— हौ, अंकुशभाऊ.

बरं. फोन नको. एसटी आहे.

९.२०, एसटीत
कंडक्टरला गावाचं नाव सांगितलं. तोंडातून निघालं, ‘बंद आहे, भाऊ.’ पुन्हा सांगितलं. तेच. माझ्याच तोंडातून. शेजारच्या बाई सरकून बसल्या. गाव कागदावर लिहून दिलं. तिकीट मिळालं.
लिहिता येतं अजून. पायही माझेच.

१०.४०
गाडीचं इंजिन ऐकू येत नाही. हॉर्न नाही. फक्त माणसांचे श्वास—
असू दे. डोळे आहेत.

१०.५५
बाग दिसली. नत्थूभाऊ पाइपाजवळ, बाह्या वर, फोन कानाला. मान हलवताहेत. कोण बोलून राहिलं ते मला माहीत आहे.
माझ्याकडे बघत नाहीत. बघू नका. हात धरायला आवाज लागत नाही.
गाडी थांबते आहे— मी उत—