रुमालाखाली पाच बोटं

९ डिसेंबर १९३६, अकोला
मापारी जानराव सकाळी विहिरीत सापडला. सगळा कापूस बाजार म्हणतो, पाय घसरला. विहिरीला कमरेइतका कठडा आहे. महिनाभर तो स्वतःशीच बोलत होता, जेवत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक. पण मनाचं दुखणं म्हटलं की घराण्याला बट्टा. शेषराव अडत्या तिसऱ्यांदा ‘पाय घसरला’ म्हणाला तेव्हा मी त्याच्या मुस्काटात दिली. रागाने नव्हे, तत्त्वाने.
ठराव: मनाबद्दल मोकळं बोलणं या गावात मी सुरू करणार.

११ डिसेंबर
मंडळ काढलं. नाव ‘मनमोकळे मंडळ’. प्रेसिडेंट मी, एकमताने. उत्तमरावांचा विरोध होता, पण त्यांचा सदरा फाटल्यावर राहिला नाही. ताहेर माझा वीस वर्षांपासूनचा भागीदार. म्हणतो, भगवंतराव, पयले सोताचं टेंपर पाहा. माझ्याइतका शांत दलाल अख्ख्या वऱ्हाडात नाही, म्हणून मी नुसता हसलो. नंतर त्याच्या दुकानातला कंदील फुटला. तो आधीच तडकलेला होता.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
पहिली सभा. सात मेंबर. कुणी तोंड उघडेना. प्रेमाने समजावलं. मग वामनरावांची मान धरून समजावलं. ते म्हणाले, मले काईच नाई झालं, मान सोडा. हीच ती लाज, जी घालवायची आहे. एक खुर्ची मोडली.
घरी बायको, सुभद्रा, चार दिवस जेवलेली नाही. कसला तरी उपास असेल. काय झालं विचारलं, तर म्हणाली, काई नाई. मोकळं बोलायला काय होतं या बाईला? मी ताट भिंतीवर फेकलं. भिंतीवरच. वाटेत तिचं कपाळ आलं. हळद भरली आहे.
उद्यापासून ताट फेकणार नाही.

१५ डिसेंबर
ताट फेकलं नाही. तांब्या फेकला.

१७ डिसेंबर
युक्ती सापडली, तीही भर बाजारात. आम्ही दलाल कापसाचा भाव बोलत नाही. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतो. तिसऱ्याला पत्ता लागत नाही. मग मनाचं दुखणं तसंच का सांगू नये? एक बोट म्हणजे झोप नाही. दोन म्हणजे भीती. तीन, राग. चार, रडू. पाच, जगावंसं वाटत नाही. लाजेचा प्रश्नच मिटला. सगळ्या मेंबरांना शिकवलं. घरी सुभद्रालाही शिकवलं, प्रॅक्टिस म्हणून. ती एका झटक्यात शिकली.

२० डिसेंबर, रविवार
सभा आमच्याच ओसरीवर. उत्तमराव लगेच बसले. चार दाबली. मी सवयीने दोन दाबली. ते साडेतीनवर आले. ताणता ताणता अडीचवर सौदा पटला. ते खूश होऊन उठले. दीड बोट दुखणं पंधरा मिनिटांत कमी, हे कुठल्या डॉक्टरला जमेल?
मग ताहेर. त्याने तीन दाबली आणि म्हणाला, हे माह्यं नाई, तुमचं हाये. मी त्याची तिन्ही बोटं उलटी वळवली. हाडवैद्याच्या मते मोडलं एकच.
सगळे त्याला घेऊन गेले. सुभद्रा कप उचलायला आली. कप न उचलता समोर बसली आणि रुमालाखाली हात घातला.
पाच.
मी दोन दाबली. सवयच. तिने पाच. मी तीन केली. तिने पाच. वीस वर्षांत एका भावावर असं अडून बसलेलं गिऱ्हाईक पाहिलं नाही. मी हात आवळला. बांगड्या फुटल्या, रुमालावर रक्त आलं. ती रडली नाही. पाच ती पाचच.
मग मीच हात काढून घेतला. बाहेर जाऊन गोठ्याच्या खांबावर डोकं आपटलं. का ते कळत नाही.

२१ डिसेंबर
सुभद्रा पहिल्या गाडीने अमरावतीला माहेरी गेली. बाजारात शेषरावाने विचारलं. मी म्हणालो, हवापालट. तो गाल चोळत म्हणाला, हो हो, हवापालटच. मी त्याला मारलं नाही. कंट्रोल येत चालला आहे.

२७ डिसेंबर, अमरावती स्टेशन
येताना गाडीत चार वाक्यं पाठ केली होती. मी मारतो. मला माझीच भीती वाटते. तू मरशील याची त्याहून जास्त वाटते. म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. चारही वाक्यं खरी आहेत.
सासूबाई, माणिकबाई, मुसळ घेऊन दारात उभ्या होत्या. सुभद्रा मागून आली. मनगटाला फडकं बांधलेलं. माझा हात आपोआप पुढे गेला, वर रुमाल टाकलेला. तिने हात मागे घेतला. म्हणाली, तोंडानं बोला.
तोंड उघडलं. पहिलं वाक्य जिभेवर होतं. सासूबाईंकडे पाहून विचारलं, अकोल्याची गाडी किती वाजता हाये?
त्यांनी वेळ सांगितली. सुभद्रा आत गेली. मी गाडीच्या दीड तास आधी स्टेशनावर पोचलो आहे.